बेस गिटार घरी घडवताना : वखारीतल्या फळीपासून हातपॉलिशपर्यंत

स्वतःची बेस गिटार बनवू इच्छिणाऱ्याने लाकूड आणण्यापूर्वीच ठरवायला हवे की वाद्याचा कोणता भाग स्वतः करायचा आणि कोणता तयार घ्यायचा. पहिल्या वाद्यासाठी माझे मत स्पष्ट आहे : नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, तयार घ्यावी आणि बॉडी पूर्णपणे स्वतः घडवावी. बेसच्या चार तारा स्वरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण सुमारे ७५ ते ८० किलोग्रॅम भरतो. हा ताण वर्षानुवर्षे सोसणाऱ्या नेकमध्ये ट्रस रॉडसाठी (नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या धातूच्या दांडीसाठी) कोरलेली खाच आणि फ्रेटच्या (आडव्या धातुपट्ट्यांच्या) चिरा इतक्या अचूक असाव्या लागतात की नवशिक्याचा सगळा उत्साह तिथेच संपून जातो. बॉडीचे काम तुलनेने क्षमाशील आहे, आणि हाताने केलेल्या पॉलिशचे सौंदर्यही तिथेच उमटते.

ही विभागणी शक्य होते ती एका जुन्या रचनेमुळे. लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथून बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसची नेक बॉडीला चिकटवलेली नव्हती, तर चार स्क्रूंनी आवळलेली होती. त्या वाद्याची ३४ इंचांची, म्हणजे ८६३.६ मिलिमीटरची स्केल आजही बहुतेक चारतारी बेसमध्ये कायम आहे. स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजवरील (बॉडीवर तारा अडकवण्याच्या भागावरील) सॅडलपर्यंत, म्हणजे तार टेकते त्या सरकत्या तुकड्यापर्यंत, तारेची कंप पावणारी लांबी. या लेखातील सर्व मापे याच स्केलची आणि याच जोडणीची आहेत.

आराखडा आणि मध्यरेषा

तयार नेक हातात आल्याशिवाय बॉडीचा आराखडा पक्का करू नये. निरनिराळ्या उत्पादकांच्या नेकच्या टाचेची, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकाची, रुंदी ६२ ते ६४ मिलिमीटरच्या दरम्यान थोडीफार बदलते आणि टाचेचा शेवट कुठे सरळ तर कुठे गोलसर असतो, म्हणून कागदावरच्या मापांपेक्षा प्रत्यक्ष वस्तू मोजणे सुरक्षित. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजावे, ते ४३१.८ मिलिमीटर, म्हणजे स्केलच्या बरोबर निम्मे भरले पाहिजे. न भरल्यास त्या नेकची खरी स्केल या अंतराच्या दुप्पट आहे असे समजून पुढची सगळी मापे बदलावी लागतात.

मग जाड कागदावर पूर्ण आकाराचे चित्र काढावे आणि त्याची सुरुवात मध्यरेषेपासून करावी. नेक, पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग) आणि ब्रिज हे तिन्ही भाग या एकाच रेषेवर बसतात. बॉडीतली नेक बसण्याची खोबण अर्ध्या अंशाने जरी फिरली, तरी नेकच्या दुसऱ्या टोकाला तारा एका बाजूला सरकतात आणि कडेची तार फिंगरबोर्डवरून, म्हणजे नेकवरच्या बोटे दाबायच्या पट्टीवरून, घसरू लागते. म्हणून ही रेषा पुढे लाकडावर, साच्यावर आणि बॉडीच्या दोन्ही बाजूंवर पुन्हा पुन्हा काढली जाईल, आणि पॉलिशपूर्वीची शेवटची घासाई होईपर्यंत ती पुसू द्यायची नाही.

बॉडीचा बाह्य आकार आवडीप्रमाणे घ्यावा, पण वरच्या बाजूचे शिंग, ज्याला वादक हॉर्न म्हणतात, ते किमान बाराव्या फ्रेटच्या जवळपास पोहोचू द्यावे. पट्ट्याची खुंटी या शिंगाच्या टोकाला बसते. बेसच्या तारा पिळण्याच्या चाव्या जड असतात आणि नेक लांब असते. त्यामुळे शिंग आखूड राहिले किंवा बॉडी फारच हलकी झाली तर उभे राहून वाजवताना नेक सतत खाली झुकते आणि डाव्या हाताला ती उचलून धरावी लागते. दिसायला सुंदर असलेली कितीतरी घरगुती वाद्ये या एका कारणाने भिंतीवर टांगून राहतात.

लाकूड

अमेरिकेत बॉडीसाठी ॲश आणि आल्डर ही लाकडे रूढ झाली, ती तिकडे सहज मिळत होती म्हणून. महाराष्ट्रात ती शोधत बसण्याचे कारण नाही. सागवान, शिवण, महोगनी आणि तून या चारही लाकडांपासून उत्तम बॉडी होते. सागवानाची घनता घनमीटरला सुमारे ६५० किलोग्रॅम असते आणि तयार बॉडीचे आकारमान साधारण चार लिटरांच्या आसपास येते, म्हणजे नुसती बॉडी अडीच किलोग्रॅमच्या थोडी वर जाते. हे वजन पेलण्याजोगे आहे. शिवण आणि तून याहून बरीच हलकी असतात. शिसव मात्र बॉडीसाठी टाळावे, कारण ते फार जड आहे. त्याची खरी जागा फिंगरबोर्डवर आहे आणि भारतीय शिसवाचे फिंगरबोर्ड जगभरातल्या गिटारांवर दिसतात.

लाकडाच्या जातीने विजेच्या बेसचा आवाज किती बदलतो, यावर वादकांमध्ये अखंड वाद चालतो. पिकअप, त्याची ब्रिजपासूनची जागा, तारा आणि वादकाची बोटे यांचा आवाजावर कितीतरी मोठा प्रभाव असतो, असे माझे मत आहे. म्हणून लाकूड निवडताना वजन, स्थिरता आणि रेषांचे सौंदर्य या तीन गोष्टी पाहाव्यात.

जुने वाडे पाडताना निघणारे सागवान हा आपल्याकडचा मोठा ठेवा आहे. पुण्यात भवानी पेठेतील टिंबर मार्केटच्या परिसरात आणि इतर गावांतल्या जुन्या लाकडाच्या वखारींत अशा तुळया आणि फळ्या मिळतात. कित्येक दशके वाळलेले हे लाकूड वाकण्याची शक्यता फार कमी असते. मात्र त्यात तुटलेले खिळे दडलेले असतात, आणि राउटरचे (लाकूड कोरणाऱ्या यंत्राचे) पाते अशा खिळ्यावर आदळणे धोकादायक असते. फळीच्या प्रत्येक बाजूवरून जोरदार लोहचुंबक हळूहळू फिरवावा आणि काळपट डाग दिसेल तिथे लाकूड खरवडून पाहावे. नवे लाकूड घेतल्यास आर्द्रतामापकाने ८ ते १२ टक्के ओलावा असल्याची खात्री करावी. त्याहून अधिक असेल तर फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून, चारही बाजूंनी हवा खेळेल अशा रीतीने घरातच काही आठवडे ठेवाव्यात. कोकणात आणि मुंबईत हा काळ वाढवावा लागतो.

एका फळीत ३६० मिलिमीटर रुंदी मिळणे कठीण असते, म्हणून दोन फळ्या मध्यरेषेवर जोडाव्यात. प्रत्येक फळी ५३० मिलिमीटर लांब, १८० मिलिमीटर रुंद आणि रंधून ४४ ते ४५ मिलिमीटर जाड असावी. सुताराकडून रंधून घेणार असाल तर पावणेदोन इंच, म्हणजे चौदा सूत, असे सांगितले की पुरते. जोडाच्या कडा एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धराव्यात. कुठेही प्रकाशाची रेघ दिसली तर रंधा पुन्हा फिरवावा. फट शिकंज्याने दाबून बुजवली तर ती पुढे कधीतरी उघडतेच. सागवानात नैसर्गिक तेल असते आणि ते गोंदाला धरू देत नाही, म्हणून गोंद लावण्याच्या काही मिनिटे आधी दोन्ही कडा ॲसिटोनने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्याव्यात. लाकडाचा पांढरा गोंद पातळ आणि सलग लावून तीन-चार शिकंज्यांत फळ्या आवळाव्यात आणि पूर्ण एक दिवस हात लावू नये.

साचा, खोबण आणि कापणी

आराखडा १२ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफवर चिकटवून साचा कापावा आणि त्याची कड कानशीने व घासकागदाने निर्दोष करावी. राउटरचे बेअरिंग साच्याची कड जशी आहे तशीच लाकडावर उतरवते, त्यामुळे साच्यातला प्रत्येक खड्डा बॉडीत उतरतो. नेकच्या खोबणीसाठी स्वतंत्र साचा करावा. त्यासाठी नेक मध्यरेषेवर ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना सरळ पट्ट्या घट्ट टेकवून चिकटवाव्यात, म्हणजे मोजण्याचा प्रश्नच उरत नाही.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. राउटरला बसायला सपाट पृष्ठभाग लागतो, म्हणून खोबण, पिकअपची जागा आणि वायरिंगची पोकळी हे सगळे आधी करावे. पोटाकडचा उतार आणि कडांची गोलाई त्यानंतर. खोबणीची खोली १६ मिलिमीटर ठेवावी. नेकची टाच बहुधा २५ मिलिमीटरच्या किंचित वर जाड असते, त्यामुळे फिंगरबोर्ड बॉडीच्या वर सुमारे साडेनऊ मिलिमीटर राहतो आणि प्रचलित ब्रिज त्या उंचीला जुळतात. एका वेळी तीन मिलिमीटरपेक्षा जास्त लाकूड काढू नये. शक्य तितके लाकूड आधी ड्रिलने काढावे आणि राउटरकडे फक्त कडा नीट करण्याचे काम ठेवावे. बाहेरच्या कडेभोवती राउटर घड्याळाच्या उलट दिशेने आणि पोकळीच्या आत घड्याळाच्या दिशेने फिरवावा, म्हणजे यंत्र हातातून पळत नाही. शिंगांच्या टोकांशी रेषा आडव्या येतात आणि तिथे चिरफळी उडते. तिथला आकार राउटरवर न सोडता कानशीने पूर्ण करणे मला अधिक विश्वासाचे वाटते.

खोबण इतकी नेमकी असावी की नेक हाताने दाबून बसवावी लागेल आणि बॉडी उचलली तरी ती आपोआप पडणार नाही. याच वेळी, पॉलिशच्या खूप आधी, नेक स्क्रूंनी बसवून पाहावी. बॉडीतली भोके साडेचार मिलिमीटरची असावीत, म्हणजे स्क्रू त्यांतून मोकळेपणी जातात, आणि नेकमधली सुमारे तीन मिलिमीटरची. स्क्रूचे आटे बॉडीतही रुतले तर नेक कितीही आवळली तरी खोबणीच्या तळाशी घट्ट बसत नाही. स्क्रूला साबण किंवा मेण चोळल्यास मेपलसारख्या कठीण लाकडात तो तुटत नाही.

आता ब्रिज. सर्वांत बारीक तारेचे, म्हणजे जी तारेचे सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे सरकवून ते नटपासून बरोबर ८६३.६ मिलिमीटरवर येईल अशा रीतीने ब्रिज ठेवावा. जाड तारा स्वरात याव्यात म्हणून त्यांची सॅडल काही मिलिमीटर मागे घ्यावी लागतात, आणि त्यासाठी मागे जागा शिल्लक हवी. नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांमधून दोन दोरे ब्रिजपर्यंत ताणावेत. फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांपासून त्यांचे अंतर सारखे दिसले, तरच ब्रिजची भोके पाडावीत.

लाकडाचा दर्शनी भाग हाताने पॉलिश करायचा असेल तर वायरिंगची पोकळी मागच्या बाजूने कोरावी, म्हणजे पुढच्या बाजूला प्लास्टिकची पट्टी लावावी लागत नाही. नॉबच्या जागी पाच मिलिमीटर लाकूड शिल्लक ठेवावे, नाहीतर पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे नॉबखालच्या आवाज-टोन नियंत्रकाचा, दांडा वर येत नाही. या पोकळीपासून पिकअपकडे आणि ब्रिजखाली जाणारी वायरची भोके आत्ताच, लांब ड्रिलने पाडावीत.

शेवटी कडांना गोलाई द्यावी आणि मागच्या बाजूला पोटाशी, तर पुढे उजवा हात टेकतो तिथे, रंध्याने व कानशीने उतार काढावा. वाद्य वारंवार अंगाशी धरून पाहावे आणि जिथे टोचते तिथले लाकूड काढावे. सागवानाची धूळ श्वासमार्गाला आणि त्वचेला त्रास देते; मुखपट्टी आणि चष्मा या सगळ्या कामात उतरवू नये.

घासाई

पॉलिश चांगले उतरले नाही, अशी तक्रार करणाऱ्यांचे दुखणे बहुधा घासाईत असते. ८० नंबरच्या कागदाने राउटरच्या आणि कानशीच्या खुणा पूर्ण काढाव्यात, मग १२०, १८०, २४० आणि ३२० असे क्रमाने जावे. कागद नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवावा आणि सपाट भागावर तो लाकडी ठोकळ्याला गुंडाळूनच वापरावा. प्रत्येक नंबरचे काम फक्त आधीच्या नंबरचे ओरखडे काढणे एवढेच आहे, त्यामुळे एखादी पायरी गाळली तर पुढच्या पायरीवर दुप्पट वेळ जातो. खोलीतला मोठा दिवा बंद करून बॅटरीचा प्रकाश पृष्ठभागावर तिरका टाकावा; दिवसा न दिसणारे ओरखडे त्यात उघडे पडतात. गोलाईच्या कडा आणि शिंगांच्या टोकांचे उभे तंतू यांना विशेष वेळ द्यावा, कारण तिथे लाकूड पॉलिश अधिक शोषते आणि काळपट होते.

२४० नंबरनंतर संपूर्ण बॉडी ओलसर फडक्याने पुसून वाळू द्यावी. दबलेले तंतू पाण्याने उभे राहतात आणि हाताला खरखर लागते. ३२० नंबरने ते हलकेच कापावेत. पुन्हा एकदा ओले करून पुन्हा घासावे. नंतर स्पिरिटने पुसून धूळ काढावी.

लाखेचे हातपॉलिश

हाताने करण्याजोगी दोन पॉलिशे आहेत : लाख आणि वाळणारे तेल. माझा कौल लाखेला आहे. लाखेचे प्रमुख उत्पादन भारतात, विशेषतः झारखंडात होते, आणि मिरजेतील सतार-तंबोऱ्यांवरची झळाळी हे लाखेच्या पॉलिशचेच काम आहे. त्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेला जाणे शक्य असेल तर एखाद्या कारागिराच्या हाताची गती जवळून पाहावी. ती शब्दांत पकडता येत नाही. लाखेचा व्यावहारिक गुण असा की नवा थर जुन्या थरात विरघळून एक होतो, त्यामुळे पुढे ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. तिचा दोषही सांगायला हवा : स्पिरिट, उष्णता आणि साचलेला घाम तिला सोसत नाही. ज्याच्या हाताला फार घाम येतो त्याने तेल निवडावे.

१०० ग्रॅम चपडी लाख ५०० मिलिलिटर स्वच्छ स्पिरिटमध्ये काचेच्या बाटलीत टाकून रात्रभर ठेवावी आणि अधूनमधून हलवावी. नैसर्गिक मेण तळाशी बसले की वरचा निवळ द्रव मलमलीतून गाळून घ्यावा. हे मिश्रण ताजे वापरावे. अनेक महिने राहिलेली लाख नीट वाळत नाही आणि चिकट राहते.

पहिले दोन थर मऊ ब्रशने पातळ द्यावेत. सागवानातल्या तेलावर हे थर पडद्याचे काम करतात. त्यानंतर सागवानाची उघडी छिद्रे भरावी लागतात. ३२० नंबरचा कागद लाखेत किंचित भिजवून छोट्या वर्तुळांत घासावे. निघणारी बारीक पूड लाखेत मिसळून छिद्रांत बसते आणि तिचा रंग त्याच लाकडाचा असल्याने ती वेगळी दिसत नाही. वाळल्यावर वर राहिलेला थर घासून टाकावा. आरशासारखा सपाट पृष्ठभाग हवा असेल तर हे तीन-चार वेळा करावे लागते. छिद्रे थोडी उघडी राहिलेली मला अधिक आवडतात, कारण लाकूड लाकडासारखे दिसते.

आता बोळा. कापसाचा गोळा जुन्या, अनेकदा धुतलेल्या सुती कापडात बांधावा, त्याचा तळ सुरकुतीविरहित करावा आणि आतल्या कापसात लाख ओतावी. तळहातावर दाबून पाहिला असता ओल जाणवावी, थेंब पडू नये. हात हवेत चालू ठेवूनच बोळा लाकडावर टेकवावा, लांब आणि इंग्रजी आठच्या आकाराच्या फेऱ्यांनी फिरवावा आणि फिरता असतानाच उचलावा. तो क्षणभर थांबला तर खालचा थर विरघळून ठसा उमटतो. बोळा अडकू लागला तर जवसाच्या तेलाचा एखादा थेंब तळाला लावावा. एका बैठकीत आठ-दहा फेऱ्या पुरे. मग काही तास, शक्यतो रात्रभर, विश्रांती. अशा पाच-सहा बैठकांनंतर ४०० नंबरने हलके सपाट करून आणखी काही बैठका कराव्यात. अखेरच्या बैठकीत बोळ्यात लाख कमी आणि स्पिरिट जास्त घ्यावे, म्हणजे वर आलेले तेल निघून जाते. चूक दिसली की ओल्यातच तिच्यावरून पुन्हा हात फिरवण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि वाळल्यावर घासून दुरुस्त करावी.

पावसाळ्यात हे काम करू नये. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभागावर ओलावा बसतो आणि पॉलिशवर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरचे कोरडे महिने सर्वांत चांगले. नेकची खोबण मात्र कोरी ठेवावी.

तेल निवडणाऱ्याने बाजारात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल किंवा टंग तेल अतिशय पातळ लावून, वीस मिनिटांनी उरलेले सगळे पुसून, दिवसाआड चार-पाच थर द्यावेत. इथे एक गंभीर सूचना आहे : तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कधीही टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चुरगळलेल्या फडक्यात ती कोंडली की ती आपोआप पेट घेतात. फडकी मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

लाख पूर्ण कठीण व्हायला दोन-तीन आठवडे द्यावेत. त्यानंतर अगदी बारीक पोलादी लोकरीने मधमाश्यांचे मेण हलक्या हाताने चोळून मऊ कापडाने घासावे. हे पिकअप बसवण्यापूर्वीच करावे, कारण लोकरीचे सूक्ष्म तंतू पिकअपच्या चुंबकांना चिकटतात आणि नंतर निघत नाहीत.

जोडणी आणि स्वर

उरलेले काम थोडक्यात होते. पोकळीच्या आतून तांब्याची चिकटपट्टी सलग लावावी आणि ती, ब्रिज व पोटेन्शिओमीटरची कवचे एकाच भू-तारेला जोडावीत. नाहीतर घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण ॲम्प्लिफायरमध्ये ऐकू येते. साध्या पिकअपसाठी आवाजाचा आणि टोनचा असे दोन २५० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर पुरेसा असतो.

.०४५ ते .१०५ इंच जाडीच्या तारा चढवून स्वरात लावाव्यात आणि नेकला एक दिवस ताण सोसू द्यावा. मग पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट पाहावी. ती ०.३ मिलिमीटरच्या जवळपास हवी. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. सतराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची २.४ मिलिमीटर ठेवून सुरुवात करावी. नंतर प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता हलक्या स्पर्शाने काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहावा : दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे घ्यावे, उतरता असेल तर पुढे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी नेक थोडी हलते, तेव्हा ट्रस रॉडची तपासणी पुन्हा करावी. वाजवून झाल्यावर बॉडी कोरड्या सुती कापडाने पुसावी. उजव्या हाताखालचे पॉलिश वर्षभरात फिके पडले तर तेवढ्या भागावरचे मेण टर्पेंटाइनने काढून, निम्म्या ताकदीच्या लाखेचे बोळ्याने चार-पाच हात द्यावेत आणि वाद्य दोन दिवस तसेच ठेवावे.